परीक्षा संपली, आता पोरांना घरात राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीची परीक्षा संपत आली, आणि आपल्या अंकात उन्हाळी वर्गांच्या जाहिराती दिसू लागल्या. ‘सुट्टी वाया घालवू नका’, ‘कॉलेज सुरू होण्याआधीच पुढे जा’. शेजारपाजारचे आईबाप त्या कापून ठेवतात आणि माझ्याकडे ब्लाउज शिवायला आलेल्या बायका विचारतात, “तुमच्या मुलाला घातलं होतंत ना, कसा होता?” एकेकीला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे पत्र.

मी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. शिवणकाम करते. आमची हापूसची चाळीस कलमं आहेत, ती यजमान बघतात. दोन मुलं. मुलगा २०२३ साली बारावी झाला, मुलगी २०२५ साली. दोघांच्या सुट्ट्या आम्ही दोन तऱ्हांनी घालवल्या. मुलाच्या वेळी आमची चूक झाली, हे आज मी स्पष्ट लिहिते.

मुलाचा शेवटचा पेपर झाला आणि चौथ्या दिवशी आम्ही त्याला कोल्हापुरात सीईटीच्या वर्गाला नेऊन सोडलं. त्याबद्दल तक्रार नाही. सीईटी त्या वर्षी मे महिन्यात होती, तेवढा अभ्यास करावाच लागतो, आणि ज्यांची मेडिकलची ‘नीट’ किंवा सीईटी आहे त्यांनी तो जरूर करावा. चूक पुढे झाली. परीक्षा देऊन पोरगं घरी आलं, जेमतेम आठ दिवस राहिलं, तोवर कुणीतरी सांगितलं की इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित आणि कोडिंग आधीच शिकवणारा ‘फाउंडेशन’ वर्ग निघालाय, हल्ली सगळेच करतात. फी २८ हजार. त्या वर्षीच्या आंब्यातले पैसे भरले आणि त्याला परत पाठवला. जून, जुलै तिकडेच. वटपौर्णिमा झाली, भाताची लावणी लागली, नदीला पहिलं गढूळ पाणी आलं, यातलं काही त्याने पाहिलं नाही. पुण्याला कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला की इथे सगळं पहिल्यापासूनच शिकवतायत. आमचे २८ हजार गेले. ते पुन्हा मिळवता येतील. त्याचे ते दोन महिने मात्र आता मिळायचे नाहीत.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एकदा रात्री अकरा वाजता त्याने फोन केला. अंगात ताप, मेसचं तिखट घशाखाली उतरेना. म्हणाला, “आई, पेज कशी करतात?” अठरा वर्षं ज्या घरात रोज सकाळी चुलीवर पेज रटरटते, त्या घरातला मुलगा हे विचारत होता. उकडे तांदूळ त्याच्याकडे नव्हतेच. खोलीतल्या मित्राच्या शेगडीवर दुकानातले पांढरे तांदूळ टाकले, पाणी किती ते मी फोनवर सांगत होते. पाणी आटलं, तळाला लागलं, करपलं. मग फोन ठेवून तो बिस्किटं खाऊन झोपला. मी रात्रभर जागी. त्याला दोष देत नाही. आम्हीच दहावीपासून त्याला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा टेबलावर नेऊन देत होतो, अभ्यास मोडेल म्हणून.

मुलीच्या वेळी मी ठरवूनच टाकलं. तिला बीएस्सीला जायचं होतं, सीईटी द्यायची नव्हती. मार्चमध्ये पेपर संपले आणि जूनअखेर ती मुंबईला गेली. मधले साधारण शंभर दिवस. त्या शंभर दिवसांत तिने काय केलं ते सांगते, म्हणजे वाया गेले की नाही ते वाचणाऱ्यांना ठरवता येईल.

सगळ्यात जास्त वेळ ती माझ्या सासूबाईंबरोबर होती. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरतात आणि पावसाच्या आत त्यांची सोलं, म्हणजे आमसुलं, करून डबे भरावे लागतात. सासूबाई सकाळी सातलाच अंगणात पातेलं घेऊन बसायच्या. रातांबा घ्यायचा, मधोमध चिरायचा, अंगठ्याने बियांसकट गर पातेल्यात आणि साल सुपात. गरावर मीठ घालून ठेवायचं, की त्याला लालभडक रस सुटतो. दुसऱ्या दिवशी सालं त्या रसात बुडवायची, वर काढायची आणि उन्हात पसरायची. संध्याकाळी गोळा करून परत रसात. असं पुट पाच-सहा वेळा बसलं, की साल काळपट जांभळी आणि मऊ होते. कोरडी, कडक झाली तर ऊन जास्त लागलं म्हणायचं, चिकट राहिली तर पावसात बुरशी ठरलेली. बियाही टाकायच्या नाहीत, त्या धुऊन वाळवून त्यांचं तेल काढायचं, ते थिजून घट्ट होतं. टाचांच्या भेगांना आमच्याकडे तेच मुठेल लावतात.

पहिल्या आठवड्यात मुलीची बोटं लाल झाली आणि नखांच्या कडांना मीठ झोंबायला लागलं. हातमोजे घालते म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, “घाल, पण मग साल मऊ झाली की नाय ता तुका कळाचा नाय.” तिने घातले नाहीत.

खरी अडचण मिठाची. सासूबाईंना प्रमाण विचारलं की त्या मूठ दाखवायच्या. “मीठ हाताक समजूक व्हया,” एवढंच उत्तर. मला पंचवीस वर्षांत त्यापुढे काही मिळालं नाही आणि मीही कधी नीट शिकले नाही, त्या आहेत ना, म्हणून. मुलीने काय केलं, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा अंगणात आणला. सासूबाईंनी मूठ भरली की पातेल्यात घालायच्या आधी काट्यावर ठेवायला लावायची. पाच दिवस रोज मोजलं. पाचही वेळा वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, दोन-तीन ग्रॅमचा फरक. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात! मुलीने ते आकडे वहीत लिहिले, शेजारी पातेल्यातल्या रातांब्यांचं वजन, त्या दिवशीचं ऊन, कितवं पुट. तिचं शिक्षण रसायनशास्त्राचंच आहे. कुठल्या वर्गात तिला असा प्रयोग मिळाला असता?

सोलं पसरताना सासूबाई बोलायच्या. माहेरच्या गोष्टी, होडीतून खाडी ओलांडून वऱ्हाड आलं होतं ते, एका वर्षी आंबाच लागला नाही तेव्हा घर कसं चाललं ते. मी शिवणाच्या मशीनवर बसून अर्धं ऐकायची. मुलगी सगळं ऐकायची, कारण तिचे हात कामात होते आणि कुठे जायचं नव्हतं. दुपारी तीनला ऊन कलायला लागलं की सासूबाई तिला उठवायच्या, “चल चेडवा, आज ऊन आसा, उद्याचो भरवसो नाय.”

बागेत ती सकाळी वडिलांबरोबर जायची. झेल्याने आंबा देठासकट कसा उतरवायचा, देठ तुटला तर चीक फळावर उतरून डाग कसा पडतो, चौदा आणे तयार फळ खांद्यावरून कसं ओळखायचं, तापलेल्या जमिनीवर फळ का पडू द्यायचं नाही. आंब्यात साका का धरतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा का होतो, यावर वडिलांशी तिने दोन दिवस वाद घातला आणि शेवटी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची माहिती काढून वाचून दाखवली. नूतन झेला त्याच विद्यापीठाचा. आम्ही इतकी वर्षं तो वापरतो, पण तो कुणी केला हे मला तिने सांगितलं. आंबे पिकवायला गवतावर अढी लावायला ती यजमानांपेक्षा चांगली शिकली. वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की गाडीभाडं, हमाली, बाकीची वजावट वेगळी मांडून एका पेटीमागे आपल्या हातात काय पडलं ते काढायची. कॉलेजची फी कुठून येते ते तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

विहिरीत पोहायलाही ती त्याच सुट्टीत शिकली. कमरेला दोन असोले नारळ बांधून चुलत्याने उतरवली, बाराव्या दिवशी नारळ सोडले. समुद्राला लागून राहतो आणि आमच्या पोरांना पोहता येत नाही, याची मला फार लाज वाटायची.

आता कागदपत्रांचं. हे थोडक्यात लिहिते, पण दरवर्षी जुलैत तहसील कार्यालयात रडकुंडीला आलेले पालक मी पाहते, म्हणून लिहितेच. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. तो एप्रिलमध्येच नवीन काढावा, निकालाची वाट बघू नये. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अजून केला नसेल तर आजच करा. अठरा वर्षं पूर्ण झाली की अज्ञान म्हणून काढलेलं बँक खातं बदलून घ्यावं लागतं आणि ते आधारशी जोडावं लागतं, कारण शिष्यवृत्ती थेट खात्यात येते. आमच्या मुलाचं खातं बदललं नव्हतं, म्हणून त्याचे पैसे चार महिने अडकले, आणि तो पुण्यात असल्यामुळे सहीसाठी दोनदा एसटीने यावं लागलं. मुलीने हे सगळं स्वतः रांगेत उभं राहून केलं. मी मुद्दाम बरोबर गेले नाही. पहिल्या दिवशी एका कागदासाठी परत आली, डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि काम करून आली. मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्जही तिने त्याच उन्हाळ्यात भरला. एप्रिलमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात, त्यामुळे वर्षभर थांबावं लागत नाही. गाव सोडायच्या आधी गावाच्या यादीत नाव यावं, ही तिची स्वतःची इच्छा.

मुलींच्या आईवडिलांसाठी आणखी एक. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शासकीय प्रवेशात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. माझ्याकडे येणाऱ्या दोन बायकांना हे ठाऊकच नव्हतं. मुलीला शिकवायला पैसे नाहीत म्हणून साध्या पदवीला घालायला निघाल्या होत्या. पण त्यालाही दाखले लागतात, म्हणून एप्रिल.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, मुंबईला निघायच्या दोन दिवस आधी, तिने गणपतीचं रेल्वेचं तिकीट स्वतः काढलं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. सकाळी आठच्या ठोक्याला ती आणि तिची मैत्रीण दोन फोन घेऊन पायरीवर बसल्या होत्या, आमच्या पायरीवरच काय ती रेंज येते. कणकवलीपर्यंतच्या दोन जागा मिळाल्या. अजून घर सोडलं नव्हतं आणि परतीचं तिकीट हातात होतं. सासूबाईंना तिने ते दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

संपादक महोदय, माझं म्हणणं या तिकिटापाशीच आहे. आमच्या कोकण मंडळाचा निकाल राज्यात पहिला येतो, २०२४ साली ९७.५१ टक्के, २०२५ साली ९६.७४. आपण मोठ्या अक्षरांत छापता आणि आम्हाला अभिमान वाटतो. पण निकालात पहिली येणारी ही पोरं पुढच्या दोन महिन्यांत मुंबई, पुणे, कोल्हापूरला जातात आणि त्यातली बहुतेक परत राहायला येत नाहीत. येतात ती शिमग्याला तीन दिवस आणि गणपतीला पाच दिवस, पाहुण्यासारखी. बारावीनंतरचे हे महिने त्यांचे घरात राहण्याचे शेवटचे सलग महिने असतात. आईबापांना हे त्या वेळी कळत नाही. मला कळलं नव्हतं.

सासूबाई या जानेवारीत गेल्या. फार आजारी नव्हत्या, झोपेतच. बाराव्याच्या आदल्या रात्री सगळे पडवीत बसले होते, नणंदा, दीर, पुतणे, आणि एकेक जण त्यांच्या गोष्टी सांगत होता. मुलीने होडीतल्या वऱ्हाडाची गोष्ट सांगितली. ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या लेकींनाही माहीत नव्हती. मोठ्या नणंदेने तिला जवळ ओढलं आणि रडली. मुलगा खांबाला टेकून बसला होता. थोड्या वेळाने तो उठून आत आला. मी चहा टाकत होते. म्हणाला, “आई, माझ्याकडे आजीचं सांगायला काहीच नाही गं. मी तिला शाळेत जायच्या आधी चहा पिताना बघितलंय, बस.” मी त्याला काय उत्तर देणार होते? त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये त्याची आजी याच अंगणात बसून सोलं करत होती, जून-जुलैत याच घरात होती, आणि त्याला दुसऱ्या गावात नेऊन बसवणारे आम्हीच होतो.

काही जण म्हणतील, तुमच्याकडे बाग आहे, अंगण आहे, सगळ्यांकडे नसतं. खरं आहे. आमच्या वाडीतल्या एका मुलाने गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्याच्या बागेत पेट्या भरण्याचं काम केलं, रोजंदारीवर, आणि वसतिगृहाची अनामत रक्कम स्वतः जमवली. त्याला आंब्यातलं जे कळतं ते बागायतदारांच्या मुलांना कळत नाही. बंदरावरची पोरं मे महिन्यात आईबरोबर सुक्या मासळीची बेगमी करतात, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. जाळं विणायचं, होडी शाकारायची, सगळं त्याच दिवसांत. घरात जे काम असेल, त्या कामाला मुलाला बसवावं, एवढंच मी म्हणते. आणि घरातलं एक म्हातारं माणूस त्याच्या वाट्याला यावं.

वर्ग वाईट असतात असं मी म्हणत नाही. ज्याला खरंच गरज आहे त्याने जावं. पण मुलगा पेपर देऊन दमून आलेला असतो, त्याला पहिले पंधरा दिवस नुसतं झोपू द्या हो. उशिरा उठला म्हणून बोलू नका. आमचीही पहिले दहा-बारा दिवस दुपारपर्यंत झोपायची आणि मी गप्प राहायची, सोपं नव्हतं. तेराव्या दिवशी आपणहून अंगणात येऊन आजीच्या शेजारी बसली.

एवढं लिहायचं ठरवलं त्याला आणखी एक कारण घडलं. मुलाची परीक्षा मेच्या मध्यावर संपते आणि त्याला पंधरा दिवस मोकळे आहेत. इंटर्नशिप जूनपासून. परवा फोनवर म्हणाला, रातांबे पिकले की कळव, यंदाची सोलं मी करतो. मग बहिणीला फोन लावून विचारत होता, आजीची मूठ किती ग्रॅमची होती. तिने वहीतल्या पानांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, आधी हाताने घे, मग काट्यावर ठेव.

एक विनंती. जमलं तर हे पत्र मार्च संपायच्या आत छापावं. आमच्या तालुक्यातल्या वर्गांची पहिली तुकडी १ एप्रिलला सुरू होते आणि त्याआधी पैसे भरावे लागतात. नाव छापू नये, मुलाला अवघड वाटेल.

आपली नियमित वाचक,
दोन मुलांची आई,
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग